गुहेत उतरण्याआधी बाहेर काय ठेवून जाल?

आपल्याकडे गुहा म्हटलं की आठवतो किल्ल्यावरचा मुक्काम. रतनगडाची गुहा, हरिश्चंद्रगडावरच्या गुहा. दहा-वीस पावलं आत, शेणामातीची जमीन, चुलीचा धूर, आणि मागे वळून पाहिलं की दाराएवढा उजेड. यातल्या बहुतेक माणसाच्या हातानं कोरलेल्या. सह्याद्रीचा काळा कातळ पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे डोंगराच्या पोटात मैलोनमैल पोखरलेल्या वाटा आपल्याकडे तयारच झाल्या नाहीत. चुनखडीचं तसं नाही. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं, चुनखडीच्या भेगांत शिरतं आणि लाखो वर्षं ती खात बसतं. मेघालयात अशा शेकडो गुहा आहेत. खासी भाषेत गुहेला 'क्रेम' म्हणतात. क्रेम लियात प्राहची मोजलेली लांबी ३० किलोमीटरच्या वर आहे. क्रेम पुरी तर चुनखडीचीही नाही, वालुकाश्माची आहे, आणि २०१८ मध्ये मोजणी झाली तेव्हा तिची लांबी साडेचोवीस किलोमीटर भरली.

गेल्या काही वर्षांत पुण्या-मुंबईचे ट्रेकर तिकडे जायला लागलेत. मीही गेलो, तेही सह्याद्रीत बारा वर्षं भटकल्याचा तोरा घेऊन. तो तोरा पहिल्या तासाभरातच उतरला. किल्ल्यावर चुकलात तर निदान आकाश दिसतं, हाक मारता येते, फोनला एखादी दांडी मिळते. गुहेत यातलं काहीच नाही. म्हणून मी सगळ्यांना आधी एकच गोष्ट सांगतो: जमिनीखाली मदत तासांत येत नाही, दिवसांत येते, आणि ती येणार की नाही हे तुम्ही आत शिरण्यापूर्वी बाहेर काय ठेवून गेलात त्यावर ठरतं.

आधी वेळेचा हिशेब

जर्मनीत आल्प्समध्ये रीझेंडिंग नावाची गुहा आहे. ८ जून २०१४ रोजी तिच्यात साधारण एक हजार मीटर खोलीवर एका अनुभवी संशोधकाच्या डोक्यावर दगड पडला. त्याला हेल्मेट होतं, तरी मेंदूला मार बसला. तो १९ जूनला बाहेर आला. पाच देशांतली सातशेहून जास्त माणसं त्यासाठी राबली. तुर्कस्तानातल्या मोर्का गुहेत सप्टेंबर २०२३ मध्ये १,०४० मीटरवर एका अमेरिकन गुहा-शोधकाला पोटात रक्तस्राव सुरू झाला. धडधाकट माणसाला तिथून वर यायला पंधराएक तास लागतात. त्याला खालीच रक्त चढवून, स्थिर करून, स्ट्रेचरवरून वर आणायला १२ सप्टेंबर उजाडला. आजारी पडल्यापासून दहा दिवस.

हे दोघेही कसलेले होते. त्यांच्या सोबतीला त्याच तोडीची माणसं होती आणि युरोपात गुहा-बचावाचं जाळं अनेक दशकांचं आहे. आपल्याकडे शिवदुर्ग मित्रसारखी मंडळी लोणावळ्याच्या दरीतून जखमीला काढतात, त्या कामाला तोड नाही. पण दरीत स्ट्रेचर आडवं धरता येतं. गुहेत ते दीड फुटाच्या फटीतून तिरकं काढावं लागतं, आत माणूस बांधलेला असताना.

म्हणून आत जाताना प्रत्येक वळणावर एक प्रश्न विचारायचा: 'इथे माझा घोटा मुरगळला तर?' उत्तर सुचत नसेल तर तिथूनच मागे फिरा.

चिठ्ठी आणि हाकेची वेळ

आत जाण्याआधी बाहेरच्या एका जबाबदार माणसाच्या हातात कागदावर लिहिलेली चिठ्ठी द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेला मेसेज चालत नाही, कारण तो शंभर गुड मॉर्निंगांखाली गाडला जातो. आमची चिठ्ठी साधारण अशी असते:

'गावाखालची मोठी गुहा, खालच्या ओढ्याकडचं तोंड. माणसं ४, सोबत गावातला १ वाटाड्या. आत सकाळी ९.३०. बाहेर दुपारी ३.३०. हाकेची वेळ ६.००. मुख्य वाटेनं दुसऱ्या दालनापर्यंत, डावी शाखा नाही. एकाला दमा, पंप सोबत.'

यातली 'हाकेची वेळ' सगळ्यात मोलाची. त्या वेळेपर्यंत आमचा निरोप आला नाही तर बाहेरच्या माणसानं वाट न पाहता मदत बोलवायची, असं आधीच ठरलेलं असतं. त्याला विचार करायची मुभाच द्यायची नाही. नाहीतर 'येतील हो, फोटो काढत बसले असतील' म्हणण्यात रात्र जाते. कोणाला फोन करायचा तेही त्याच कागदावर हवं: गावाचा मुखिया, ११२, जिल्ह्याचा आपत्ती नियंत्रण कक्ष. मेघालयात मुखियाला 'रंगबाह श्नोंग' म्हणतात. त्याला भेटल्याशिवाय गुहेकडे फिरकायचंही नाही. तिथे जमीन आणि गुहा बहुतेक ठिकाणी गावाच्या किंवा कुळाच्या मालकीच्या असतात, आणि कोणत्या तोंडातून कधी पाणी उसळतं हे गावालाच ठाऊक असतं.

'डावी शाखा नाही' असं लिहिलंत तर ते पाळा. शोधायला येणारे त्या कागदावर विसंबून येतात.

पाणी

गुहेत सगळ्यात जास्त भीती पाण्याची. दगड एखाद्यावर पडतो, पाणी सगळ्यांना एकदम गाठतं.

थायलंडमधल्या थाम लुआंगची गोष्ट बहुतेकांना माहीत आहे, पण त्यातले बारकावे पाहण्यासारखे आहेत. २३ जून २०१८. फुटबॉलच्या सरावानंतर ११ ते १६ वर्षांची १२ मुलं आणि २५ वर्षांचा प्रशिक्षक गुहेत शिरले. आत जाताना वाट कोरडी होती. गुहेच्या तोंडाशी पावसाळ्यात आत जाऊ नका अशी पाटी होती, आणि तिच्यावरचा धोक्याचा काळ जुलैपासून सुरू होत होता. पाऊस पाटी वाचून येत नाही. डोंगरावर पडलेलं पाणी भेगांतून झिरपत आत आलं, वाटेतला सखल भाग भरला आणि परतीचं दार बंद झालं. मुलं मागे सरकत सरकत तोंडापासून सुमारे चार किलोमीटरवरच्या एका उंच चढावर बसली. दहाव्या दिवशी, २ जुलैला रात्री, दोन ब्रिटिश पाणबुडे तिथे पोहोचले. तोवर मुलं भिंतीवरून ठिबकणारं पाणी पिऊन राहिली होती.

पुरात सापडलेल्यांनी जे करायला हवं तेच त्या मुलांनी केलं. उंच जागा गाठली, एकत्र बसली, हालचाल कमी ठेवली, स्वच्छ ठिबकणारं पाणी प्यायली. कुणी पोहून बाहेर पडायला गेलं असतं तर गोष्ट वेगळी झाली असती.

आता तुम्ही काय करायचं ते पाहू.

जाण्याचा हंगाम कोरडा निवडा. मेघालयातल्या मोठ्या शोधमोहिमा फेब्रुवारीत होतात, ते उगाच नाही. पाऊस तुमच्या डोक्यावर पडायची गरज नाही. वरच्या पठारावर, तुमच्यापासून पाच कोसांवर पडलेली सर तासाभरानं तुमच्या पायाशी येऊ शकते. म्हणून फक्त गावाचा अंदाज बघून चालत नाही, वरच्या खोऱ्याचा बघा. शंका असेल तर बाहेर बसून जादोह खा. डुकराच्या मांसाचा हा भात सोहऱ्याला, म्हणजे चेरापुंजीला, फार छान मिळतो.

आत गेल्यावर छताकडे बघायची सवय लावा. छताला अडकलेला पालापाचोळा, काटक्या, प्लॅस्टिकची पिशवी दिसली तर पाणी तिथपर्यंत चढतं. भिंत धुतल्यासारखी स्वच्छ असेल आणि खाली चिखलाचा थर नसेल तर तिथून पाणी जोरात वाहतं. हे ध्यानात ठेवून मनाशी खूण करत चला: शेवटची उंच, कोरडी, जुनी धूळ असलेली जागा कुठे होती? पुराची वेळ आली तर तिथेच पोहोचायचं असतं.

आणि पुढच्या खुणांकडे दुर्लक्ष नको. मघाशी नितळ असलेलं पाणी गढूळ होणं. त्यावर फेस किंवा पानं येणं. अचानक वाऱ्याची झुळूक, कारण चढतं पाणी पुढची हवा ढकलतं. दूरवर रेल्वे जात असल्यासारखा घुमणारा आवाज. यातलं एक जरी जाणवलं तरी चर्चा करत उभं राहू नका. बाहेरची वाट चढी आणि जवळची असेल तर बाहेर. ती सखल भागातून जात असेल तर उलट वर, उंच जागेकडे. पाणी जसं चढतं तसं बऱ्याचदा काही तासांत उतरतंही.

सामान

उजेडाची साधनं प्रत्येकाजवळ तीन. एक हेल्मेटवर, एक गळ्यात, एक पिशवीत, आणि तिन्हींचे सेल वेगळे. मोबाइलची बॅटरी यात धरायची नाही. उजेड गेला की गुहेतला अंधार आपल्या अमावस्येच्या रात्रीसारखा नसतो. डोळ्यांपुढे धरलेला हात तासानंतरही दिसत नाही, कारण सरावायला थोडासाही प्रकाश तिथे नसतो.

हेल्मेट हनुवटीच्या पट्ट्याचं, गिर्यारोहणाचं. पायात गमबूट. ट्रेकचे महागडे बूट पाण्यात लोढणं होतात. जीन्स आणि सुती टी-शर्ट घरी ठेवा. सुती कपडा भिजला की अंगाची ऊब ओढून घेतो, आणि गुहेत मेलेली माणसं बऱ्याचदा जखमेनं नाही, गारठ्यानं गेलेली असतात. आत सिंथेटिक किंवा लोकरी, वर डांगरी. गुहेचं तापमान साधारण त्या भागाच्या वर्षभराच्या सरासरीएवढं असतं आणि दिवसरात्र हलत नाही. आल्प्समध्ये म्हणजे फ्रिजइतकं. मेघालयात तेवढं नाही, पण पाण्यात चार तास काढल्यावर दात वाजायला लागतातच.

पिशवीत कचऱ्याच्या दोन मोठ्या काळ्या पिशव्या. अडकून बसावं लागलं तर एक अंगावर ओढून घ्यायची, एक बुडाखाली. शेंगदाण्याची चिक्की, पाणी, शिट्टी, क्रेप बँडेज, पेन्सिल आणि भिजलं तरी न फाटणारा कागद. बस.

मागे बघत चला

हे मी अंगावर आल्यावर शिकलो. आम्ही चौघं आणि गावातला वाटाड्या. त्याला सगळे 'बाह' म्हणत, खासीत दादा म्हणावं तसं. परतताना फोटोंच्या नादात मी आणि एक मित्र मागे राहिलो. पुढच्यांचा उजेड दिसेना म्हणून भराभर निघालो आणि पाचेक मिनिटांनी लक्षात आलं की जाताना गाईच्या आचळासारखे लोंबणारे पांढरे चुनखांब लागले होते, ते अजून आलेच नाहीत. पायाखाली गाळ होता, पण त्यात एकही बूट उमटलेला नव्हता. तेव्हा पोटात गोळा आला.

नशीब की तिथेच बसलो आणि शिट्ट्या मारल्या. वीस मिनिटांनी बाह आला. ओरडला नाही. आमच्या उजेडात स्वतःच्या डोक्यामागे बोट दाखवून हिंदीत विचारलं, "पीछे देखा था?" नव्हतं पाहिलं. गुहेतली वाट जाताना वेगळी दिसते आणि येताना वेगळी. जाताना एकच वाटलेली वाट येताना तीन तोंडं दाखवते, कारण दोन शाखा मागून येऊन मिळालेल्या असतात आणि समोर बघत चालणाऱ्याला त्या दिसतच नाहीत.

तेव्हापासून प्रत्येक फाट्यावर थांबून, वळून, येतानाचं चित्र पाहून घेतो. तीन दगडांची लगोर रचतो आणि परतताना मोडतो. भिंतीवर रंगाचे बाण काढू नका. आधीच्या कुणी काढलेल्या बाणांवर विश्वासही ठेवू नका, ते आत जाणारे की बाहेर येणारे, कुणास ठाऊक. चुकलात असं वाटलं तर बसा. सगळ्यात हळू चालणारा पुढे असावा आणि मागच्याचा उजेड दिसत नसेल तर पुढच्यानं थांबावं, एवढं पाळलं असतं तर आमची ती वीस मिनिटं वाचली असती.

अरुंद फटी आणि दोर

डोकं खाली करून उतरत्या फटीत कधीही शिरायचं नाही. अमेरिकेतल्या युटा राज्यात नटी पुटी नावाच्या गुहेत नोव्हेंबर २००९ मध्ये २६ वर्षांचा एक तरुण असाच डोक्यावर अडकला. पुढे वाट रुंद होईल असं त्याला वाटलं होतं. बचावपथक काही तासांत त्याच्या पायांपर्यंत पोहोचलं, त्याच्याशी बोललं, दोर आणि कप्प्या लावून थोडं वरही ओढलं, आणि मग भिंतीतला आधार निसटला. माणूस दिवसभर उलटा राहिला की हृदयाला ते झेपत नाही. दिवसाहून थोडा जास्त वेळ तो जगला. त्याचा देह काढणंही धोक्याचं ठरलं, म्हणून गुहा तशीच बंद केली.

चढत्या फटीत डोकं पुढे चालतं, कारण मागे घसरणं सोपं असतं. उतरत्या फटीत पाय पुढे. अडकलात तर धडपड थांबवा. धडपडीत छाती फुगते आणि तुम्ही पाचरीसारखे आणखी बसता. श्वास सोडा, एक हात पुढे एक मागे घ्या, आलात त्याच दिशेनं इंचाइंचानं सरका.

दोराबद्दल सह्याद्रीच्या मंडळींना एक कडू गोष्ट सांगतो. शनिवार-रविवारी धबधब्यावर रॅपलिंग केलं म्हणजे दोर येतो असं नाही. ते फक्त उतरणं झालं. खाली वाट आहे आणि बस उभी आहे. गुहेत उतरलेला दोर तुम्हालाच परत चढायचा असतो, जुमारवर, म्हणजे दोर धरून ठेवणाऱ्या चढायच्या पकडीवर, ओल्या अंगानं, दिवसाच्या शेवटी. आधी बाहेर झाडाला दोर बांधून तीस मीटर चढून दाखवा, मग आतलं बोला. दोराच्या टोकाला गाठ असलीच पाहिजे, नाहीतर दोर अपुरा पडला तर टोकावरून माणूस निसटतो. आणि कुणी दोरावर निपचित लटकलेला दिसला तर सगळं सोडून आधी त्याला दोरावरून काढा. हालचाल न करता पट्ट्यांत लटकलं की रक्त पायांत साचतं आणि काही मिनिटांत शुद्ध जाते, जीवही जाऊ शकतो.

हवा: हे गुहेत न जाणाऱ्यांनीही वाचा

९ एप्रिल २०२४. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, नेवासा तालुक्यातलं वाकडी गाव. शेणाची रबडी साठवलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडलं. ते काढायला एक उतरला आणि कोसळला. त्याला काढायला दुसरा, मग तिसरा. एकामागून एक सहा जण उतरले आणि पाच गेले. जो वाचला त्याच्या कमरेला दोर बांधलेला होता, म्हणून बाहेरच्यांना त्याला ओढून घेता आलं.

मेघालयातल्या गुहा आपल्यातले फार थोडे बघतील. पण जुनी विहीर, आड, गोबरगॅसचा खड्डा, शोषखड्डा, मैल्याची टाकी प्रत्येक गावात आहे. जमिनीखालचं मरण आपल्याकडे बहुतेकदा असंच येतं.

होतं काय, ते पाहू. कार्बन डायऑक्साइड हवेच्या दीडपट जड असतो. वारा नसलेल्या खळग्यात तो पाण्यासारखा तळाशी साचतो. बाहेरच्या हवेत त्याचं प्रमाण ०.०४ टक्के असतं. ते तीन टक्क्यांवर गेलं की धाप लागते आणि डोकं ठणकतं. दहा टक्क्यांवर काही मिनिटांत शुद्ध हरपते. कुजणाऱ्या शेणात आणि मैल्यात हायड्रोजन सल्फाइडही असतो, सडक्या अंड्याच्या वासाचा. त्याची मोठी खोड अशी की प्रमाण वाढलं की तो नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो. 'आता वास येत नाही, म्हणजे गॅस गेला' असं वाटतं तीच वेळ सगळ्यात वाईट. शिवाय मिथेन, जो हवेत ५ ते १५ टक्के असताना ठिणगीनं भडकतो.

गावाकडे विहिरीत कंदील सोडून बघायची जुनी रीत आहे. कंदील विझला तर उतरू नये, इथपर्यंत ती बरोबर. पण कंदील पेटता राहिला म्हणजे हवा चांगली, हे खरं नाही. ज्योत ऑक्सिजन साधारण १६-१७ टक्क्यांवर आला की विझते, विषारी गॅसचं तिला काही कळत नाही. गोबरगॅसच्या खड्ड्यात तर पेटता कंदील सोडणं म्हणजे स्फोटाला आमंत्रण. खरं मोजमाप करणारं गॅस डिटेक्टर अग्निशमन दलाकडे असतं.

म्हणून कुणी आत कोसळला तर:

पहिलं, उतरू नका. त्याची आई काठावर रडत असेल, लोक ढकलत असतील, तरी उतरू नका. दुसऱ्यालाही दंडाला धरून थांबवा, तोच पुढचा बळी असतो. तोंडाला ओला रुमाल बांधून काहीही होत नाही, तो धूळ अडवतो, वायू नाही.

दुसरं, लगेच १०१ किंवा ११२. सांगताना 'विहिरीत पडला' एवढंच म्हणू नका. 'आत गॅस आहे, बीए सेट घेऊन या' म्हणा. पाठीवर हवेचं नळकांडं असलेला तो संच गाडीत नसेल तर आलेले जवानही काठावरच उभे राहतील.

तिसरं, तोवर हवा सोडा. फवारणीचा ब्लोअर, मोठा पंखा, कॉम्प्रेसरची नळी, जे असेल ते वरून खाली. मात्र मोटार काठापासून लांब ठेवा, ठिणगी नको. डिझेल इंजिन तर विहिरीत कधीच उतरवू नका. त्याच्या धुरानं माणसं मेल्याच्या घटना आहेत.

चौथं, आतला शुद्धीवर असेल तर दोराचा फास सोडा आणि काखेखालून घ्यायला सांगा.

गुहेत हेच नियम थोडे सौम्य होऊन लागू पडतात. बोळ खाली उतरत असेल, वारा नसेल, झाडांची मुळं किंवा कुजका पाला साचला असेल आणि बसल्या जागी धाप लागत असेल तर बोलत बसू नका, वर निघा. इंग्लंडमध्ये १९५९ साली पीक कॅव्हर्नमधल्या अरुंद उभ्या बोळात अडकलेला तरुण विद्यार्थी आपल्याच श्वासातून साचलेल्या कार्बन डायऑक्साइडनं गेला. वर माणसं होती, दोर होता, पण खाली हवा नव्हती.

आत अपघात झाला तर

पहिली पाच मिनिटं काही करू नका म्हणतो, म्हणजे घाई करू नका. दगड अजून पडतायत का, पाणी चढतंय का, ते बघा. मग जखमीकडे जा. रक्त थांबवा, श्वास मोकळा आहे ना पाहा. पाठ-मान दुखते म्हणत असेल आणि जागा सुरक्षित असेल तर हलवू नका. थंडी मात्र थांबत नाही. त्याच्या अंगाखाली लगेच काहीतरी सरकवा: दोराची वेटोळी, रिकाम्या पिशव्या, गमबूट. वरून पांघरूण घालणाऱ्यांना खालचा दगड विसरायला होतो.

गटात किमान चार जण का हवेत, हे इथे कळतं. एक जखमी, एक त्याच्याजवळ, दोन मदतीला. मदतीला एकटा कधी पाठवायचा नाही. निघण्यापूर्वी कागदावर लिहा: नेमकी जागा, वेळ, काय लागलंय, शुद्धीवर आहे का, सोबत किती जण, उजेड आणि खाणं किती तासांचं. बाहेर पोहोचलेला माणूस दमलेला, घाबरलेला असतो, त्याला काही आठवत नाही. कागद आठवतो. जवळ बसणाऱ्यानं जादा सेल आणि सगळं खाणं ठेवून घ्यावं, आणि बोलत राहावं. नाडी, श्वास दर अर्ध्या तासानं टिपावा. एकच दिवा लावा.

बाहेर काय चाललेलं असतं

आत बसलेल्याला हे माहीत असलं की धीर धरता येतो.

दगडातून साधी वॉकीटॉकी चालत नाही. बचावपथकं एक तर तार ओढत नेतात, नाहीतर अगदी कमी फ्रिक्वेन्सीचे रेडिओ वापरतात. ब्रिटिशांनी थाम लुआंगला नेलेला 'हेफोन' ८७ किलोहर्ट्झवर, खडकातून चुंबकीय क्षेत्रानं बोलतो. दुसरीकडे पाणी उपसणं. त्या कामात आपल्या किर्लोस्कर ब्रदर्सचे तंत्रज्ञ भारतीय दूतावासाच्या सूचनेवरून गेले होते, आणि किर्लोस्करवाडीला चार पंप विमानानं पाठवायला तयार ठेवले होते. डोंगरावरचे ओढे वळवले गेले. उपसलेलं पाणी खालच्या भातखाचरांत शिरलं आणि शेतकऱ्यांनी ते सोसलं. ही माणसं बातम्यांत फार दिसली नाहीत.

तरी मुलं शेवटी पाण्यातूनच काढावी लागली. आतल्या हवेतला ऑक्सिजन १५ टक्क्यांवर आला होता आणि मोठा पाऊस तोंडावर होता. भूलतज्ज्ञ रिचर्ड हॅरिस यांनी मुलांना केटामाइननं बेशुद्ध केलं, हात मागे बांधले, पूर्ण चेहऱ्याचे मुखवटे चढवले, आणि एकेका पाणबुड्यानं एकेक मूल सामानासारखं ओढत आणलं. शुद्धीवरचं मूल पाण्याखाली घाबरलं असतं तर दोघंही गेले असते. ८ ते १० जुलै, चार, चार आणि पाच, असे तेराही जण बाहेर आले. त्याआधी ६ जुलैला समन कुनान हे नौदलाचे माजी जवान हवेची नळकांडी आत ठेवून परतताना गेले. दुसरे बेरुत पाकबारा तिथे झालेल्या रक्तातल्या संसर्गानं पुढच्या वर्षी डिसेंबरात गेले. सुटका करणाऱ्यांचे प्राण वाकडीतही गेले आणि थाम लुआंगलाही. फरक एवढाच की तिथे पुढच्याला पाठवायचं का, यावर आधी विचार होत होता.

उत्तराखंडातल्या सिलक्याऱ्याचा बोगदा गुहा नव्हे, पण क्रम तोच. १२ नोव्हेंबर २०२३ ला ४१ कामगार अडकले. आधी चार इंची नळीतून हवा आणि कोरडं खाणं, मग २० तारखेला सहा इंची नळीतून बाटल्यांत भरलेली गरम खिचडी. हवा, आवाज, अन्न, आणि मग वाट. यंत्र मोडल्यावर शेवटचे दहा-बारा मीटर 'रॅट होल' खाणकामगारांनी हातानं खोदले आणि १७ व्या दिवशी सगळे बाहेर आले.

तुम्ही बाहेरचे असाल तर तोंडाशी गर्दी करू नका. १९२५ साली केंटकीतल्या सँड केव्हमध्ये फ्लॉइड कॉलिन्स पायावर पडलेल्या बाराएक किलोच्या दगडानं अडकला. बाहेर हजारोंची जत्रा भरली, खाद्यपदार्थांचे ठेले लागले. वाट मध्येच ढासळली, आणि वेगळा खड्डा खणून लोक पोहोचले तेव्हा तो मेलेला होता.

वटवाघळं

त्यांच्या अंगावर दिवा मारू नका, हात लावू नका. सुक्या विष्ठेच्या धुळीतून हिस्टोप्लाझ्मोसिस नावाचा फुफ्फुसाचा बुरशीजन्य आजार होतो, म्हणून अशा दालनात एन-९५ मास्क लावा. नंतरच्या तीन आठवड्यांत ताप-खोकला आला तर डॉक्टरांना गुहेत गेल्याचं आवर्जून सांगा, ते आपणहून विचारणार नाहीत. वटवाघूळ चावलं किंवा ओरखडलं तर रेबीजची लस त्याच दिवशी. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला २०२० मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतल्या वटवाघळांत निपाहविरुद्धची प्रतिपिंडं सापडली होती. घाबरू नका, पण तिथे सेल्फीही नको.

बाहेर आल्यावर

सोहऱ्याच्या त्याच फेरीत आम्ही चुकल्यामुळे उशिरा, पावणेसहाला बाहेर आलो. हाकेची वेळ सहाची. चिठ्ठी होती आमच्या घरमालकीण काँगकडे, काँग म्हणजे खासीत ताई. अंगाला चिखल, पोटात कावळे. वाटेवरच्या टपरीवर लाल चहा आणि पुथारो, म्हणजे तांदळाची धिरडी, घेऊन बसलो, आणि निरोप द्यायचं चौघांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही.

साडेसहाला टपरीसमोरून सात माणसं खालच्या वाटेला चालली होती. हातात बॅटऱ्या, एकाच्या खांद्यावर दोराचं वेटोळं, एकाच्या पाठीवर बांबूची टोपली. सगळ्यांत पुढे काँग, चपला घालून, हातात आमची चिठ्ठी. आम्हाला बघून ती थांबली. काही बोलली नाही. चिठ्ठीवरची वेळ बोटानं दाखवली, आणि मागच्यांना परतायची खूण केली.

आता बाहेर आलं की हेल्मेट काढायच्या आधी फोन होतो.